अध्यक्षांच्या हातावर पाणी

अध्यक्षांनी हात मागे घेतले. फोटोवाल्याकडे पाहून हसू तसंच ठेवलं अन् मले हळूच म्हणाले, "तुमच्या हातचं नको. मले देवळात जायचं आहे. तांब्या शिपायाजवळ द्या."

मी तांब्या घेऊन तशीच उभी. समोर सगळी शाळा बसलेली.

आमच्या शाळेत केनियाहून एक मॅडम आल्या होत्या. दोन देशांतल्या शिक्षकांची देवाणघेवाण, महिनाभरासाठी. त्या यायच्या आधी गाजावाजा किती! संस्थेच्या अध्यक्षांनी पाहुणीसाठी घरची माडी रंगवून घेतली. मी इंग्रजी शिकवते, म्हणून म्हटलं होतं, पाहुणी माझ्याकडे राहू द्या. तं अध्यक्ष म्हणाले, "तुमच्या वस्तीत? बरं दिसते का ते?"

मग मॅडम गाडीतून उतरल्या. काळ्या. यांनी गोरी बाई धरून ठेवली होती मनात. त्याच संध्याकाळी अध्यक्षांच्या घरी कोणीतरी आजारी पडलं. हेडमास्तर मले म्हणाले, "तुमच्याकडेच न्या. तुमचं जमून जाईल."

जमलंच. माझी माय त्याइच्यासाठी भाकर थापे, अन् त्या मायले मक्याच्या पिठाची उगाली घोटून दाखवत. दोघींले एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी चुलीपाशी हसणं थांबत नसे.

शाळेत मात्र मी त्याइची दुभाषी. स्टाफरूममध्ये कोणी म्हणे, "हिले उन्हात विसरले होते काय?" सगळे खिदळत. मॅडम विचारत, काय म्हणाले? मी सांगे, तुमची साडी छान दिसते म्हणतात. काऊन सांगत होती मी असं? भीती, दुसरं काय! मी कंत्राटी. कायम व्हायची ऑर्डर अध्यक्षांच्या सहीसाठी पडून होती.

त्या दिवशी मॅडम पोट्ट्यांले आपल्या देशातल्या रीती दाखवत होत्या. त्यांच्याकडे जेवायच्या आधी यजमान पाहुण्याच्या हातावर पाणी घालतो. मान असतो तो. त्यांनी पहिल्या रांगेतल्या पोट्ट्यांचे हात धुतले, मग तांब्या माझ्या हाती दिला. म्हणाल्या, "मी हिच्या घरी राहते. यजमान हीच. अध्यक्षांचे हात हीच धुईल."

अन् अध्यक्षांनी हात मागे घेतले.

माझ्या मायच्या ओंजळीत लोकांनी वरून पाणी ओतलं, भांडं बाटू नये म्हणून. आज तांब्या माझ्या हातात, तरी विटाळ माझाच! अंगाची आग आग झाली.

मॅडमनी विचारलं, "काय म्हणाले ते?"

सवयीनं गोड वाक्य तोंडात आलं होतं. ते गिळलं. माईक उचलला अन् अध्यक्ष जे बोलले ते जसंच्या तसं सांगितलं. आधी इंग्रजीत मॅडमसाठी, मग मराठीत पोट्ट्यांसाठी. स्टाफरूममधलं उन्हाचंही सांगितलं. माडी काऊन मिळाली नाही, तेही.

अध्यक्ष खुर्ची लोटून उठले. हेडमास्तर माझ्या अंगावर धावून आले, "डोकं फिरलं काय तुमचं? ऑर्डर विसरा आता!"

मॅडमचा चेहरा पार उतरला होता. "इतके दिवस लपवलं?" एवढंच त्यांनी मले विचारलं.

हेडमास्तरांले मी म्हटलं, "विसरली, सर. पण काढून टाकत नाही तोवर मी रोज येईन. माझ्यासमोर जो जे बोलेल, ते ज्याच्याबद्दल बोलेल त्याले तिथंच, मोठ्यानं सांगीन. तुमची घाण माझ्या तोंडानं धुवायचं मी आजपासून बंद केलं."