खळ लावलेली पाकिटं

भोसरीच्या पुढे, चाकण रस्त्यावरच्या आमच्या गावी येणारा पोस्टमन पत्र नेहमी उलटं द्यायचा. पत्ता खाली, चिकटवलेली बाजू वर आणि तिच्यावर अंगठा. मला तो वेंधळेपणा वाटे. दादा तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीसाठी मुंबईत होता आणि त्याची पाकिटं फार उशिरा येत.

एकदा मी धीर करून उशिराचं कारण विचारलं. अंगठा न उचलता तो म्हणाला, "ताईसाहेब, पाकिटाचा डिंक असा पांढरा सुकत न्हाई. ही खळ हाय. दादांना म्हणावं, कार्ड लिवा. कार्ड फोडावं लागत न्हाई, वरूनच वाचत्यात."

"पण दुसऱ्याचं पत्र फोडणं गुन्हा आहे!"

तो हसला. "व्हय की. तुमी-आमी फोडलं तर."

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या इंग्रजीत मी वरच्या साहेबांना तक्रार लिहिली. पुरावा हवा म्हणून त्याचं बोलणं जसंच्या तसं घातलं. सरकारला हे ठाऊक नसेल, कळलं की थांबेल, असं मला खरंच वाटत होतं.

पंधरवड्याने दुसराच पोस्टमन आला. "आधीच्याला काढलं," एवढंच बोलून त्याने पत्र सुलट हातात दिलं. मी ते उलटून पाहिलं. कडेला तीच पांढरी खळ होती.

तक्रारीत मी त्याचं नाव लिहिलं नव्हतं. मला ते माहीतच नव्हतं. पण आमच्या गावाला पोस्टमन एकच होता.