ब्लिया मावशीने परत केलेली पॉलिसी

ब्लिया मावशी फेब्रुवारीत गेली. अजूनही शनिवारी पहाटे मला आपोआप जाग येते. गाडी काढायची नाही, हे कळायला थोडा वेळ जातो.

नात्याने ती माझी कोणी नव्हती. साहित्याची पदवी घेऊन मी कॅलिफोर्नियात, फ्रेझ्नोला परत आले तेव्हा मला नोकरी नव्हती आणि तिला गाडी चालवता येत नव्हती. एवढ्यावर आमची मैत्री झाली. गावाबाहेर तिने जमिनीचा एक तुकडा भाड्याने घेतला होता. त्यात ती गवती चहा, कारली, मोहरीची भाजी आणि मिरच्या लावायची. शनिवारच्या बाजारात पैसे मी घ्यायचे आणि गिऱ्हाइकांशी ती भांडायची. इंग्रजीत तिला फक्त भाव सांगता यायचे, पण भांडायला तेवढं पुरायचं.

कागदावर तिचा वाढदिवस एक जानेवारी. लाओसमधून पळून आलेल्या, तिच्या वयाच्या आमच्या कितीतरी मोंग लोकांचा तोच आहे. थायलंडच्या निर्वासितांच्या छावणीत कोणा कारकुनाने लिहून टाकलेला. मावशी म्हणायची, "नव्या वर्षाचे फटाके माझ्यासाठीच असतात."

तिला मुलगा नव्हता. दोन्ही मुली लग्न होऊन मिनेसोटाला गेलेल्या, म्हणजे दुसऱ्या कुळांच्या झालेल्या. तिचे अंत्यविधी करायचे ते नवऱ्याच्या कुळाने, क्वे लोकांनी. ते काही दिवस चालतात. ढोल, बांबूचं वाद्य, कापलेल्या गायी, येईल त्याला जेवण. शिवाय वाट दाखवणारा माणूस लागतो. तो आत्म्याला राहिलेल्या एकेका गावातून मागे मागे नेत जन्मगावी पोचवतो. एखाद्या विधवेकडे पैसे नसले तर कूळ वर्गणी काढतं, आणि पुढे कित्येक वर्षं बोलून दाखवतं. मावशीने हे आपल्या जावेच्या बाबतीत ऐकलं होतं. तिला कोणाच्या वर्गणीवर जायचं नव्हतं. म्हणून नवरा गेला त्याच वर्षी तिने विमा उतरवला आणि हप्ते कधी चुकवले नाहीत.

सेंग हा तिच्या दिराचा मुलगा, विम्याचा एजंट. गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात तो तिच्याकडे आला. सभागृहाचं भाडं वाढलंय, गायी महाग झाल्यात, जुन्या पॉलिसीत काही भागणार नाही, असं त्याने तिला सांगितलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. "काकू, एकशेवीस वर्षं भरली की हात आखडायला नको," असं तो म्हणाला. वडीलधाऱ्यांच्या तोंडावर आम्ही मरणाचा शब्द काढत नाही, एकशेवीस वर्षं म्हणतो. त्याने तिच्या टेबलावरच मोठ्या रकमेचा अर्ज भरला, तिची सही घेतली आणि जुनीचे हप्ते आता बंद करा म्हणून सांगून गेला.

नवी पॉलिसी टपालाने आली. मावशीने ती बाजारात आणली आणि माझ्या मांडीवर टाकली.

"वाच. पुस्तकं वाचायचे पैसे भरलेस ना चार वर्षं?"

मी वाचली. शेवटी अर्जाची प्रत जोडलेली होती. तब्येतीचे मोजकेच प्रश्न, आणि सगळ्यांपुढे 'नाही'. मूत्रपिंडाच्या आजारापुढेही 'नाही'. तिला मूत्रपिंडाच्या डॉक्टरकडे मीच घेऊन जात होते.

सेंगने हे विचारलं होतं का, असं मी तिला विचारलं. नाही, ती म्हणाली. त्याने कॉफी घेतली, जावयांची चौकशी केली आणि भराभर खुणा केल्या.

सोमवारी मी राज्याच्या विमा खात्याला फोन लावला. मावशी शेजारी शेंगा सोलत बसली होती. फोनवरच्या बाई सावकाश बोलत होत्या. मी ऐकत होते आणि मावशीला आमच्या भाषेत सांगत होते. नवी पॉलिसी घेतली की पहिली दोन वर्षं कंपनीला अर्जातली उत्तरं तपासता येतात. आजार लपवला असं दिसलं तर ती पैसे नाकारू शकते. जुन्या पॉलिसीची ती दोन वर्षं कधीच उलटली होती. मी घाबरून म्हटलं, पण जुनीचा हप्ता मावशीने थांबवलाय. त्या म्हणाल्या, कॅलिफोर्नियात त्यासाठी साठ दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात भरला तर पॉलिसी चालू राहते. नवी परत करायला, साठीच्या पुढच्या माणसाला, ती हातात पडल्यापासून तीस दिवस असतात. कारण द्यावं लागत नाही. भरलेले पैसे परत मिळतात.

शेवटी त्यांनी विचारलं, हप्ता चुकला तर कळवायला दुसऱ्या कोणाचं नाव कंपनीकडे दिलंय का? पॉलिसी बंद पडण्याआधी कंपनीला त्या माणसालाही पत्र पाठवावं लागतं.

जुनीचा हप्ता मावशीने त्याच दुपारी भरायला लावला. नवी मात्र टपालाने पाठवू देईना. ज्याने आणली त्याच्याच हातात द्यायची, म्हणाली.

रविवारी सेंग जेवायला आला. मोहरीची भाजी घालून उकडलेलं डुकराचं मांस, मिरचीचा ठेचा, जांभळा चिकट भात. तिने त्याला दोनदा वाढलं. ताटं उचलल्यावर पॉलिसी त्याच्यापुढे ठेवली. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं.

"काकू, आता कथा-कविता शिकलेली पोरगी तुम्हाला विमा शिकवणार?"

"ती वाचते. तू नुसत्या खुणा करतोस."

मग त्याने बरंच समजावलं. परत गेली तर त्याचं कमिशन जाईल, साहेब विचारेल, ते सोडा. पण जुन्या पॉलिसीत दोन दिवसांचं जेवण तरी निघेल का? तेव्हा लोक कोणाला हसतील? त्यालाच, क्वेंच्या पोराला.

मावशीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सेंग, मी मरणार आहे. एकशेवीसला नाही. लवकर. मूत्रपिंडं गेली आहेत माझी."

त्याने हातातला कप खाली ठेवला. आमच्या घरांत हा शब्द असा टेबलावर कोणी ठेवत नाही.

"तू मला विचारलं का नाहीस?"

"काकूला असलं कसं विचारायचं?" तो हळू आवाजात म्हणाला. "आईने थोबाडीत मारली असती."

"मग कागदावर 'नाही' कसं लिहिलंस?"

"चांगलं व्हावं म्हणून. 'हो' लिहिणं म्हणजे तुमच्यावर आजार ओढवणं."

मला तोवर तो लबाड वाटत होता. तसा तो नव्हता. त्याच्या जागी मी असते तर मीही विचारलं नसतं.

त्याने पॉलिसी घेतली, परत केल्याची पोच लिहून दिली आणि गेला. दार लागल्यावर मावशीने मला कंपनीचा दुसरा कागद भरायला लावला. हप्ता चुकला तर कोणाला कळवायचं, तो. माझंच नाव घालणार म्हणून मी पेन उघडलं.

"सेंगचं लिही," ती म्हणाली.

"तो आता यायचाही नाही."

"तुझं लग्न होईल, तू जाशील. त्याला कुठे जायचंय? तो क्वेच राहणार."

सेंग खरंच आला नाही. नव्या वर्षाच्या जेवणालाही नाही. नव्या पॉलिसीचे पैसे मात्र परत आले. पुढच्या हिवाळ्यात मावशी इस्पितळात गेली. तिथून आली, परत गेली. मी औषधांच्या वेळा पाळत होते, मुलींना फोन करत होते. हप्ता माझ्या डोक्यातूनच गेला. घरी आलेली पाकिटं मी उघडली नाहीत.

जानेवारीत एका संध्याकाळी सेंग इस्पितळातल्या खोलीच्या दारात उभा. कंपनीचं पत्र हातात, अंगात ऑफिसचा कोट.

"काकू, हप्ता राहिला होता. मी भरला."

"किती झाले?"

"ते राहू द्या." तो उभाच राहिला. मग खुर्ची ओढून पलंगाजवळ बसला. "कुठे दुखतंय?"

मावशीने सांगितलं. पायांपासून सुरुवात केली. बराच वेळ सांगत होती. मला त्यातलं अर्धंही माहीत नव्हतं. तो मध्ये न बोलता ऐकत राहिला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. त्यानंतर तो रोज यायचा. मी त्या वेळी खाली जाऊन कॉफी घ्यायचे; परत यायचे तेव्हा मावशी त्याला अजून काहीतरी सांगतच असायची.

ती गेल्यावर कंपनीने काही विचारलं नाही. मृत्यूचा दाखला मागितला आणि पैसे दिले. विधी सेंगने बेताचे केले, पण पुरते केले. गाय एकच कापली. वर्गणी कोणाकडे मागावी लागली नाही. नात्यातल्या एकीने एकाच गायीवरून बोलायला सुरुवात केली, तेव्हा सेंगने तिच्या ताटात आणखी मांस वाढलं.

वाट दाखवणारा म्हातारा शवपेटीशेजारी बसून गाऊ लागला. फ्रेझ्नो सोडायचं, इथल्या भूमीचे आभार मानायचे. मग छावणी. मग मेकाँग नदी. नदीपलीकडे त्याने गाणं थांबवलं. इथून पुढे बाई कुठे राहिली होती, त्याने विचारलं. मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. मी तिला चार वर्षं गाडीतून नेत होते. मलाही माहीत नव्हतं.

सेंग त्याच्याजवळ वाकला आणि एकामागून एक गावांची नावं सांगू लागला.