देव्हाऱ्यातली गणिताची वही

दहावीला गणितात मला भरघोस गुण पडले आणि आईनं माझी वही हळदीकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवली. गल्लीतल्या बायका पोरींना घेऊन ती बघायला यायच्या. मीही शेफारले होते. खरं तर त्या वहीत मी गाईड जसंच्या तसं उतरवलं होतं. गणित मला कधी समजलंच नाही. मी ते आकड्यांसकट पाठ केलं होतं आणि नशिबानं पेपरात बरीचशी तीच गणितं आली. हे मी कुणाला सांगितलं नाही.

यंदा धाकटी दहावीला होती. पास झाली तर माझ्यासारखी धाराशिवला कॉलेजात जाईल, नाहीतर स्थळं बघायची, असं अण्णांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तिच्या बाईंनी सरावासाठी प्रश्नसंच दिला होता, मोबाईलवर व्हिडिओ होते. ती ते सोडवायला बसायची, अडायची, रडायची. मीच एकदा तिच्या हातातला संच काढून घेतला. म्हटलं, "हे सोड. माझी वही घोक, बास." मला कोणी विचारलं होतं? पण मिरवायची हौस!

तिनं वही तोंडपाठ केली. पेपरच्या दिवशी मी शाळेच्या फाटकाशी उभी होते. ती हसतच बाहेर आली.

"आक्का, समदं तुझ्या वहीतलंच आलं बघ. आकडे तेवढे चुकीचे छापले व्हते. म्या तुझ्या वहीतले बरोबर घातले."

मी तिला उसाचा रस पाजला आणि घरी आणलं.

ती नापास झाली. जुलैत पुन्हा परीक्षा देता येते, असं मी अण्णांना म्हणाले. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"तुझी वही घोकून बी नापास झाली. तिला डोकंच न्हाय, कशाला उगं?"

ती तिथंच उभी होती. खरं सांगायला एवढी एकच वेळ होती, आणि माझं तोंड उघडलं नाही. मला माझीच घृणा वाटते.

रविवारी पाहुणे आले. तिला साडी मीच नेसवली. निऱ्या धरता धरता ती हळूच म्हणाली, "आक्का, तुझं डोकं मला असतं तर लई बरं झालं असतं."