चतुःसीमेत न आलेली वाट

शकीलाबाई शेख त्रेचाळीस वर्षं नोंदणी कचेरीसमोर टेबल मांडून घरा-जमिनींचे दस्त लिहीत होत्या. सदाशिव पेठेतल्या एका क्लासात त्या मराठी टायपिंग शिकल्या आणि दिगंबर काशीकर या जुन्या दस्तलेखकाच्या हाताखाली बसल्या. काशीकरांचा नियम एकच होता. मिळकत पायी फिरून आल्याशिवाय तिची चतुःसीमा लिहायची नाही. पूर्वेला रस्ता आहे की भिंत, उत्तरेला कोणाचं घर, हे आधी डोळ्यांनी बघायचं. शेजारच्या टेबलांवर जुन्या कागदावरूनच उतरवून घेत. शकीलाबाई मात्र भर उन्हात चार बाजू फिरून येत. "बाई, तुमचं मराठी किती शुद्ध हो," असं कुणी नवलानं म्हणालं, की त्या मान वर न करता म्हणत, "तुमचंही बरं आहे."

दोन हजार बावीसच्या मार्चमध्ये प्रभात रस्त्याच्या एका गल्लीतला श्रीनिवास आगट्यांचा बंगला विकायला निघाला. पुण्यात एका बंगल्याला एवढी किंमत आजवर आली नाही, असं एजंट बाळ ढवळे चहाच्या टपरीवरसुद्धा सांगत होता. खरेदीखत वकिलांनी इंग्रजीत केलं होतं. शकीलाबाईंकडे आलं ते फक्त त्याच्या मराठी गोषवाऱ्याचं काम.

"एका पानाचं तर काम आहे, जागेवर कशाला जाताय?" बाळ म्हणाला.

"पानावर चार दिशा आहेत ना, म्हणून."

बंगल्याच्या मागच्या अंगाला मुक्ताबाईंच्या दोन खोल्या होत्या. मुक्ताबाईंनी आगट्यांकडे तीस वर्षं स्वयंपाक केला होता, आणि श्रीनिवासच्या वडिलांनी शहाण्णव साली त्या खोल्या त्यांना बक्षीसपत्रानं दिल्या होत्या. आता तिथे पांढऱ्या फक्कीची ताजी रेघ मारलेली होती. खरेदीदार दहा फुटी भिंत घालणार होता. रेघ मुक्ताबाईंच्या दारापासून दोन हातांवरून जात होती. खोल्यांच्या बाकी तिन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या भिंती. बाहेर पडायचं तर बंगल्याच्या कडेनंच.

ते बक्षीसपत्र शकीलाबाईंनीच लिहिलं होतं. घरी जाऊन त्यांनी आपली प्रत काढली. चारही बाजू बिनचूक होत्या. वाट नव्हती. शहाण्णव साली त्या चारही बाजू फिरल्या होत्या, प्रत्येक बाजूची पावलं मोजली होती. पण ज्या वाटेनं तिथवर गेल्या ती कुठल्याच बाजूला येत नव्हती, म्हणून कागदावर आली नाही. सगळं घर एकच होतं तेव्हा. वाट लिहायची असते, हे कुणाच्याच मनात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मुक्ताबाईंना सांगायला गेल्या. मुक्ताबाई उंबऱ्यात बसून मेथी निवडत होत्या.

"रेघ बगितली म्या," त्या म्हणाल्या. "पोरं खेळत्यात वाटलं. मंग मी जायाचं कुठनं?"

"माझी चूक आहे, मुक्ताबाई. मी निस्तरते."

मुक्ताबाईंनी एक जुडी त्यांच्यापुढे सरकवली. "तवर ही निवडा."

श्रीनिवास आगटे साठीचे, मोजकं बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सव्वीस वर्षं ही चूक कुणाला दिसली नाही."

"सव्वीस वर्षं कुणी भिंत घालत नव्हतं."

"वाट लिहिली तर किंमत उतरणार, हे आपल्याला कळतंय ना?"

"कळतंय. पण विक्रीच्या आधी तुम्ही चूकदुरुस्तीचा लेख केलात तरच होईल. नंतर नवा मालक कशाला सही करेल? लेखनिकाच्या चुकीमुळे वाट राहिली, असं माझ्या नावानिशी लिहिते. आणि करायचं नसेल, तर गोषवारा दुसऱ्या कुणाकडून घ्या. मी वाट बघून आले आहे. ती नाही, असं मला लिहिता येणार नाही."

श्रीनिवास खिडकीशी जाऊन उभे राहिले. तिथून मुक्ताबाईंचं दार दिसत होतं.

"चार फूट पुरेत," ते म्हणाले.

"आणि मुक्ताबाईंना कधी खाटेवरून न्यावं लागलं तर?"

ते परत खुर्चीत येऊन बसले. मग म्हणाले, "सहा लिहा."

खरेदीदारानं आठ दिवस लावले, वाट मान्य केली आणि किंमत पाडली. त्याच महिन्यात कल्याणीनगरचं एक पेंटहाउस त्याहून वर गेलं. वर्तमानपत्रात फोटो त्याचा आला. इकडे नोंदणी कचेरीसमोर शकीलाबाईंची चूक टेबलाटेबलावर पोचली. दोन नेहमीचे बिल्डर दुसरीकडे जाऊ लागले.

"बाई, तुमच्यामुळे रेकॉर्ड हुकलं," बाळ म्हणाला.

"कितीनं?"

"सहा फुटांनी."

शकीलाबाईंना हसू आलं, पण त्या हसल्या नाहीत.

चूकदुरुस्तीच्या दिवशी मुक्ताबाई इस्त्रीचं लुगडं नेसून आल्या. वाचता न येणाऱ्याला दस्त मोठ्यानं वाचून दाखवायचा असतो. शकीलाबाई सावकाश वाचत गेल्या. सहा फूट रुंदीची, कायम वहिवाटीची वाट, असं आलं तेव्हा मुक्ताबाईंनी हात वर केला.

"तेवढं परत वाचा."

त्यांनी परत वाचलं. मुक्ताबाईंनी पदर नीट केला, आणि डावा अंगठा पुढे केला.