आनशामावशींचा शब्द

खिचडीने भरलेला डाव ताटावर धरायचा, पण लगेच उलटा करायचा नाही, ही आनशामावशींची सवय. समोर पोर ताट घेऊन उभं, मावशींचा डाव हवेत, आणि प्रश्न रोजचाच: "आज काय नवं?" पोरानं त्या दिवशी शाळेत शिकलेली एक तरी नवी गोष्ट सांगायची. सांगितली की डाव उलटा. नाही सांगितली तरी डाव उलटा. खाण्यावरून मावशींनी कधी कुणाला अडवलं नाही, उलट ज्याच्याकडे सांगायला काही नसे त्याला त्या चमचाभर जास्तच वाढायच्या. सगळ्यांना वाढून झालं की पातेल्यावर झाकण ठेवायच्या, पदराला हात पुसायच्या आणि माझ्याकडे बघून म्हणायच्या, "बाई, आज सात कोरी."

मला या प्रकाराचा भयंकर राग यायचा. मी डी.एड. झालेली, त्यावर बी.ए. केलेलं, नोकरीला बारा वर्षं झालेली, आणि माझी तपासणी कोण घेणार तर शाळेत खिचडी शिजवणारी बाई, जी स्वतः कधी पहिलीच्या वर्गातसुद्धा बसली नाही. पहिल्या महिन्यात मी त्यांना चांगलं सुनावलंही. म्हटलं, मावशी, तुमचं काम शिजवायचं, माझं शिकवायचं, आपापलं बघू या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मटकी निवडून संपवली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मला सांगितलं की आज पाच कोरी.

शाळा नेऱ्याच्या पुढे, कासारसाईच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली. जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोन खोल्या आणि एक व्हरांडा. व्हरांड्यात उभं राहिलं की हिंजवडीचे टॉवर दिसतात. मी त्यातल्याच एका टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर राहते आणि रोज स्कूटीवरून इथे येते. कागदावर शाळेला दोन शिक्षक होते. दुसरे सर दुसऱ्या शाळेत तात्पुरते म्हणून गेले, ते तिकडचेच झाले. राहिले मी आणि चार वर्ग. पहिलीला अक्षरं गिरवायला देऊन चौथीकडे वळावं तर पहिलीत मारामारी सुरू. ती सोडवून यावं तर फोन वाजायचा: अमुक माहिती पाठवा, तमुक फोटो पाठवा, तासाभराच्या आत. मी फोटो काढायची, पाठवायची. तपासणीचे साहेब वर्षातून एकदा येत, भिंतींवरची चित्रं बघत, चहा घेत आणि शाळेला 'अ' श्रेणी देऊन जात. शाळा कशी आहे हे ज्यांना खरोखर माहीत होतं, त्या स्वयंपाकखोलीत बसलेल्या असायच्या. ती खोली चौथीच्या वर्गाला लागून, मधल्या भिंतीला वर झरोका. मी किती वेळ शिकवलं आणि किती वेळ फोनवर बोलले, ते सगळं त्यांना आत बसून ऐकू यायचं.

मावशी तिथे पंधरा-सोळा वर्षं शिजवत होत्या. माझ्या आधीच्या प्रत्येक शिक्षकाची त्यांच्याकडे एका वाक्याची नोंद होती. "ते उंच गुरुजी मारायचे लई, पर पोरं भरून जायची." "त्या गोऱ्या बाई ग्वाड बोलायच्या. पोरं हसत यायची आन् कोरी जायची." माझी नोंद काय आहे, ते विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही.

एकदा मी त्यांच्यावर डाव उलटवायचं ठरवलं. जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं असताना चारही वर्ग एकत्र बसवले आणि घोटून घेतलं, 'बेडूक त्वचेनेसुद्धा श्वास घेतो.' म्हटलं, आता बघू कोण कोरं राहतं ते. रांग लागली. पहिल्या पोराने बेडूक सांगितला. दुसऱ्याने बेडूक. पाचव्यापर्यंत मावशींचा चेहरा हलला नाही. शेवटच्या पोरानेही बेडूकच सांगितल्यावर त्या मला म्हणाल्या, "बाई, आज सगळ्यांनी मिळून एकच बेडूक खाल्ला." पोरं खो खो हसली. मलाही हसू आलं, आणि त्या दिवसापासून माझा राग थोडा उतरला.

त्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, हे खूळ तुमच्या डोक्यात आलं कुठून? तेव्हा त्यांनी आपल्या मुलाचं सांगितलं. तो याच शाळेत शिकला, दरवर्षी पास झाला, पुढे आठवीपर्यंतही गेला. आता हिंजवडीत एका सोसायटीच्या गेटवर आहे. येणाऱ्या गाडीचा नंबर आणि माणसाचं नाव वहीत लिहायचं काम. तो वही खिडकीतून आत सरकवतो आणि गाडीवाल्याला म्हणतो, साहेब, तुम्हीच लिहा. लोकांना वाटतं, काय आदबशीर माणूस आहे. "त्याला लिवता येत न्हाई, बाई," मावशी म्हणाल्या. "चार वर्सं ह्या शाळंत पाठवला. मी एक दिस इचारलं न्हाई, आज काय नवं म्हणून. जेवला का, येवढंच इचारलं."

वाडीतली माणसं मावशींना मानायची ती त्यांच्या खऱ्या बोलण्यासाठीच. दरवर्षी जूनमध्ये पोराचं नाव घालायच्या आधी कुणी ना कुणी त्यांच्या दारात जायचं. शाळा कशी हाय, मावशी? त्या जे असेल ते सांगायच्या. एका वर्षी त्यांनी तोंडावर सांगितलं होतं की यंदा घालू नका, गुरुजी टिकत नाहीत. त्या वर्षी पहिलीत एकच मूल आलं होतं. पोरं कमी झाली की मावशींचं काम जायचं, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण खोटं त्यांच्या तोंडातून निघायचं नाही.

मग ते वर्ष आलं. जमिनी विकलेल्या घरांतली पोरं इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमधून जायला लागलेलीच होती. आमचा पट अठरावर येऊन थांबला, आणि वीसच्या खालच्या शाळा बंद करून मोठ्या शाळेत मिसळणार असं जिकडे तिकडे बोललं जात होतं. मोठी शाळा म्हणजे डंपरच्या रस्त्याने तीन किलोमीटर. आमच्या अठरातली निम्मी पोरं भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मजुरांची. ती तिथवर कधीच गेली नसती, घरीच बसली असती, हे मी आजही शपथेवर सांगेन.

तेवढ्यात संतोष आला. कंपनीची कॅब चालवणारा, वाडीतलाच. त्याची आरोही दोन वर्षं इंग्रजी शाळेत जात होती आणि फळ्यावरचं वहीत सुरेख उतरवून आणत होती. एक दिवस त्याने तिला दुकानाची पाटी वाचायला सांगितली, तर तिला ना इंग्रजी पाटी वाचता आली, ना मराठी. आता तिला आमच्या तिसरीत आणि धाकट्याला पहिलीत घालायचा त्याचा विचार होता. अठरा आणि दोन वीस. पण त्याने स्पष्ट सांगितलं, "मॅडम, एकदा फसलोय. शनिवारी पालकसभेला येतो. मावशी सगळ्यांदेखत सांगतील तसं करीन."

शुक्रवारी दुपारी पोरं गेल्यावर मावशी पातेलं घासत होत्या. मी दारात उभी राहिले. मी म्हटलं, मावशी, उद्या चांगलं सांगा. त्यांनी वर न बघता विचारलं, "चांगली हाय का?"

मी बोलत सुटले. एकटीनं चार वर्ग, वरची कामं, फोन, शाळा मिसळली तर त्या पोरांचं काय होईल, सगळं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर त्या राख लागलेले हात तसेच ठेवून म्हणाल्या, "बाई, तुमची पोरगी दुसरीला हाय न्हवं? तिला घालाल हितं?"

माझी मुलगी हिंजवडीच्या इंग्रजी शाळेत जाते. हे त्यांना माहीत होतं, सगळ्या वाडीला माहीत होतं, आणि इतक्या वर्षांत कुणी कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, तिचे बाबा ऐकणार नाहीत. म्हटलं, रोज स्कूटीवर आणणं जमणार नाही. तिसरं कारण शोधत होते, तोवर माझं मलाच ऐकवेना.

"मंग माझ्याकडनं का वदवताय?" त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. मला वाटतं, त्यांना खरंच माझ्याकडून उत्तर हवं होतं.

मी त्या दिवशी त्यांच्यापुढे हात जोडले. लाज वाटते सांगायला, पण जोडले.

शनिवारी व्हरांड्यात सतरंजीवर पंधरा-वीस माणसं बसली होती. संतोषने सगळ्यांसमोर विचारलं, मावशी, शाळा कशी हाय? मावशी खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांनी एकदा पोरांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. "चांगली हाय," त्या म्हणाल्या. "घाल."

पट वीस झाला. शाळा वाचली. मी घरी जाताना पेढे घेतले.

सोमवारी खिचडीची रांग लागली. पहिलं पोर ताट घेऊन उभं राहिलं आणि सवयीनं थांबलं. मावशींनी डाव उलटा केला आणि म्हणाल्या, "पुढं हो." दुसरं आलं. पुढं हो. वीस पोरांना त्यांनी एकही प्रश्न न विचारता वाढलं. मला वाटलं, तब्येत बरी नसेल. पण मंगळवारी तेच, बुधवारीही तेच. पोरंच आपणहून सांगू लागली, मावशी, आज आम्ही असं शिकलो, तसं शिकलो. त्या म्हणायच्या, "जेव, गार हुतंय."

ज्या प्रश्नाचा मी इतकी वर्षं राग राग केला, तो बंद झाल्यावर मला दुपारी स्वयंपाकखोलीकडे जाववेना. पंधरा दिवसांनी मी विचारलंच. मावशी, आता विचारत का नाही?

"इचारलं की ऐकावं लागतंय," त्या म्हणाल्या. "ऐकून काय करू? मी सांगून बसले की."

मी वर्गात गेले आणि फोन दप्तराच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. माहिती मागणाऱ्यांना संध्याकाळी उत्तर द्यायला लागले, त्यावरून बोलणी खाल्ली, एक नोटीसही आली. खाल्ली बोलणी. पण एका फोनने कितीसा फरक पडणार? चार वर्ग चारच राहिले आणि मी एकच राहिले. संतोष येता-जाता हॉर्न वाजवून हात करायचा, तेव्हा मी हात न करता फळ्याकडे वळायची.

दिवाळीनंतर मावशींचं पोटाचं दुखणं बळावलं आणि त्यांनी काम सोडलं. नव्या बाई आल्या, स्वयंपाक चांगला करतात, कुणाला काही विचारत नाहीत. मी आरोहीला रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास बसवून घेऊ लागले. फेब्रुवारीत ती गोष्टीचं पान अडखळत का होईना, पण स्वतः वाचायला लागली. त्याच संध्याकाळी मी तिला घेऊन मावशींच्या घरी गेले. खरं म्हणजे तिला न्यायचा हेतू तिच्यासाठी नव्हता, माझ्यासाठी होता. मला त्यांच्याकडून सुटका हवी होती.

मावशी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. हात अगदी काडीसारखे झालेले. आरोहीने वाचलं, एक पान पुरं. मावशींनी कूस बदलून सगळं ऐकलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तिला गूळ द्यायला सुनेला सांगितलं, आणि त्या दोघी आत गेल्यावर माझ्याकडे वळल्या.

"ही झाली," त्या म्हणाल्या. "बाकीची?"

पुढच्या पंधरवड्यात त्या गेल्या. सगळी वाडी लोटली होती. माणसं एकमेकांना सांगत होती की मावशी आयुष्यात कधी खोटं बोलल्या नाहीत. मी मागे उभी राहून ते ऐकत होते. त्या बोलल्या होत्या, एकदाच, आणि माझ्यासाठी. हे तिथे फक्त मला माहीत होतं.

या जूनमध्ये चौथीची पाच पोरं बाहेर पडली आणि पहिलीत तीन आली. पट पुन्हा अठरा. दुसरे शिक्षक अजून मिळालेले नाहीत. गेल्या सोमवारी लातूरकडचा एक माणूस आला, वाडीत खोली घेऊन राहिलेला, बांधकामावर प्लंबर. दोन मुली, एक दुसरीत, एक चौथीत. इथे आता विचारायला दुसरं कुणी उरलेलं नाही, म्हणून त्याने मलाच विचारलं, "बाई, शाळा कशी आहे?"

अठरा आणि दोन किती होतात, ते मला त्याच्याकडे बघताक्षणी कळलं होतं. भिंतीवर 'अ' श्रेणीचं प्रमाणपत्र लावलेलं आहे, त्याच्याकडे बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं. मी त्याला बसायला खुर्ची दिली आणि सांगितलं, "चार वर्गांना मी एकटी आहे. अठरातल्या सहा जणांना अजून वाचता येत नाही. रोज शाळा सुटल्यावर त्यांना बसवते. माझी स्वतःची मुलगी इथे नाही."

त्याने ऐकून घेतलं. मुलींचे दाखले होते ती पिशवी मांडीवरून उचलली, विचार करून सांगतो म्हणाला आणि गेला.

तो अजून आलेला नाही.