दालमिलमधल्या पॅनलची चेन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही.

विलास आणि मी आयटीआयपासूनचे सोबती. तो नांदगाव खंडेश्वरचा, मी अमरावतीचा. पुढे दोघांनी मिळून इलेक्ट्रिकची कामं धरली. कारखान्यांत मोठी पॅनलं बसवायची — माणसाहून उंच लोखंडी कपाटं, आत जाडजूड ब्रेकर. भार सगळा वरच्या अंगाला आणि पुढे. म्हणून खालचे बोल्ट आवळून होईपर्यंत कपाटाचा माथा चेनने वरच्या गर्डरला बांधून ठेवायचा. विलास त्या बाबतीत फार कडक. मी — तेवढा नव्हतो.

अकोल्याच्या एका दालमिलमध्ये काम होतं. उन्हाळा, वर तापलेले पत्रे. पॅनल जागेवर आणलं, पण बोल्ट भोकात बसेना. जरासं सरकवायला हवं होतं आणि ताणलेली चेन सरकू देत नव्हती. विलास पाणी प्यायला बाहेर गेला होता. मी शिडीवर चढलो आणि चेन काढली. सैल नाही केली — काढलीच. पॅनल सरकवून झालं, तरी परत बांधली नाही. शिडी पुन्हा चढायचा कंटाळा आला. कंटाळाच — दुसरं काय म्हणू?

विलास आला. पॅनलचं दार उघडून समोर आडवा झाला, आतल्या भोकाला डोळा लावला. वर अंधार होता, खालून काही दिसत नसणार.

"चेन हाये ना बे?"

"हाये," मी म्हणालो.

आणि भोक नेमकं जुळवायला मागून पहार लावली.

पॅनल पुढे कलंडलं. डोकं वाचलं, छाती वाचली. डावा पाय गुडघ्याखाली सापडला. मिलमधली माणसं धावली, मी त्याला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. पाय राहिला नाही.

चेन कोणी काढली, असं मिलमालकाने विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही. पण ते काहीच नव्हतं. खरं पुढेच आहे.

शुद्धीवर आल्यावर विलासला चेन काढलेली होती एवढं कळलं. मग हळूच म्हणाला, "मीच काढली असंन. मले काहीच आठवून नाही राहिलं."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? खाटेपाशी दुसरं कुणीही नव्हतं. मी त्याच्या हातावर हात ठेवला. म्हणालो, "जाऊ दे. होते असं." म्हणजे मी त्याला माफ केलं — कळतंय का तुम्हाला? मी, त्याला.

आता तो अमरावतीला आमच्या दुकानात बसून छोटे बोर्ड जोडतो. त्याची बायको, सुनीता, एकदा माझ्यादेखत त्याला त्या हलगर्जीपणावरून बोलली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, तुमी होते म्हणून." तो खाली मान घालून वायर सोलत राहिला. मीही मान खालीच घातली. तिला काय वाटलं असेल?

कामावर नवीन माणसं आली, की विलास त्यांना बसवून घेतो. पँट वर करून नकली पाय दाखवतो. चेन मी काढली होती, म्हणतो, तुमी कधी काढू नका. परवाही दोघांना सांगत होता. त्यांतला एक हसला, तसा विलास माझ्याकडे वळला.

"सांग ना बे यायले. खोटं बोलून राहिलो का मी?"

"खरं सांगून राहिला तो," मी म्हणालो आणि चहा सांगायला बाहेर पडलो.