अडखळती प्रार्थना

आमच्या जुईनगरच्या सोसायटीत तळमजल्यावर एक काका राहतात. न्हावा शेवा बंदरात ट्रेलर चालवायचे, रविवारी चर्चमध्ये उपदेश करायचे. लकव्याने दोन्ही गेलं. जीभ जड झाली, उपदेशाला दुसरा माणूस आला. काका आता चर्चच्या दारात उभे राहून येणाऱ्यांचं स्वागत करतात. "बोलता येत नाय, म्हणून सेवा सं-संपली काय?" असं म्हणतात.

गेल्या वर्षी माझ्या वडिलांनाही लकवा झाला. शब्द तुटके निघतात या लाजेने त्यांनी बोलणंच सोडलं. कुणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करायचे.

एका दुपारी काका काठी टेकत वर आले. खुर्ची ओढून आपल्या तुटक्या बोलण्यात वडिलांशी खूप वेळ बोलत बसले. मग विचारलं, "दा-दादा, प्रार्थना करू?"

वडिलांनी मान हलवली.

"प्रभू, या घराला शां... शां..." शब्द निघेना. डोळे मिटून काका प्रयत्न करत राहिले. मी शब्द सुचवणार, तेवढ्यात पलंगावरून आवाज आला, "शां-ती."

"हां, शांती," म्हणत काकांनी प्रार्थना पुढे चालू ठेवली.

ते निघाले तेव्हा वडील म्हणाले, "उ-उद्या पण या."